प्रिंटरचं सॉफ्टवेअर बसत नसेल तर

इन्स्टॉलेशन मध्येच अडलं की बहुतेक जण तीच फाइल पुन्हा पुन्हा चालवत बसतात. तरी जमलं नाही तर गुगलवर ‘प्रिंटर कस्टमर केअर’ शोधून जो नंबर पहिला दिसेल तो फिरवतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसे जायची भीती. घरी, क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात पहिल्यांदाच स्वतः प्रिंटर जोडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण अडचणींचा मोठा भाग तिथलाच असतो. माझा आग्रह एकच आहे: काहीही डाउनलोड करण्याआधी आणि कुणालाही फोन करण्याआधी काम नेमकं कुठे अडलंय ते शोधून काढा.

आधी संगणक बाजूला ठेवा

तुम्ही ‘प्रिंट’ म्हटल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत काम पाच टप्प्यांतून जातं. पहिलं ॲप, म्हणजे वर्ड किंवा पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर. मग ड्रायव्हर, जो पान प्रिंटरला समजेल अशा भाषेत बदलतो. मग विंडोजची स्पूलर सर्व्हिस, जी रांग सांभाळते. मग पोर्ट, म्हणजे केबलचा किंवा वाय-फायचा मार्ग. आणि शेवटी यंत्र. तपासणी उलटी करा, यंत्रापासून.

स्कॅनर असलेला प्रिंटर असेल तर केबल काढून ठेवा, काचेवर एखादा कागद ठेवा आणि झेरॉक्स काढा. झेरॉक्स नीट आली तर शाई, टोनर, रोलर, कागद ओढणं हे सगळं ठीक आहे, आणि दोष उरलेल्या चार टप्प्यांत आहे. नुसता प्रिंटर असेल तर त्यालाही स्वतःचं चाचणी-पान काढता येतं; कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, खोक्यातल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हेच पान कोरं किंवा काळपट आलं तर सॉफ्टवेअर शंभर वेळा बसवूनही उपयोग नाही. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

एवढं केल्यावर पुढे कस्टमर केअरशी बोलताना तुमच्या हातात एक ठोस वाक्य असतं: ‘संगणकाशिवाय झेरॉक्स व्यवस्थित येते.’ या वाक्याने फोनवरचा बराच वेळ वाचतो.

ड्रायव्हर निवडताना

मॉडेलचं पूर्ण नाव यंत्रावरच्या लेबलवरून उतरवा, शेवटच्या अक्षरासकट. ‘पी ११०२’ आणि ‘पी ११०२ डब्ल्यू’ ही दोन वेगळी यंत्रं आहेत. दुसऱ्यात वाय-फाय आहे. नावातल्या ‘एन’वरून सहसा नेटवर्क केबलची सोय कळते, ‘डी’वरून दोन्ही बाजूंना छपाई.

मग संगणकाकडे या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ‘सिस्टिम टाइप’ वाचा. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, पण जुन्या संगणकावरचं विंडोज १० कधी कधी ३२-बिट निघतं, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्यावर बसत नाही. त्या ओळीत ‘एआरएम’ दिसलं तर जास्त जपा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर जुन्या प्रिंटरचे नेहमीचे ड्रायव्हर चालत नाहीत. कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिलाय का ते खरेदीआधीच बघावं. अबाउटमध्ये ‘एस मोड’ लिहिलेलं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसणार नाही. एस मोडमधून बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही.

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून प्रिंटर चालायचा थांबत नाही. पण नव्या मॉडेलच्या पानावर तुमच्या विंडोजचं नाव यादीत आहे ना, ते पाहूनच पैसे मोजा.

ड्रायव्हर घ्यायचा तो प्रिंटरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच. पत्ता खोक्यावर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, तो जसाच्या तसा टाइप करा. शोधून काढू नका, कारण शोधाच्या निकालात वर येणाऱ्या जाहिरातींत हुबेहूब दिसणारी खोटी पानंही असतात. ड्रायव्हर फुकट असतो, हे पक्कं लक्षात ठेवा. जिथे ड्रायव्हरसाठी पैसे मागतात, किंवा आधी एखादा ‘ड्रायव्हर अपडेटर’ बसवायला सांगतात, ते पान बंद करा.

पानावर बहुतेक वेळा दोन पर्याय असतात: सगळ्या ॲपसकट मोठी फाइल, आणि नुसता बेसिक ड्रायव्हर. मोठी फाइल खातं काढायला सांगते, शाईच्या योजना दाखवते, इंटरनेट नसलं की थांबते. अडचण आलेली असताना मी नेहमी बेसिक ड्रायव्हरच सुचवतो. छपाई एकदा सुरू झाली की बाकीचं नंतर बसवता येतं.

केबल कधी जोडायची

यूएसबीच्या तोंडावर ‘सांगेपर्यंत जोडू नका’ असा स्टिकर असेल तर तो मनापासून पाळा. आधी जोडली की विंडोज स्वतःच्या अंदाजाने काहीतरी बसवतं आणि मग खरा ड्रायव्हर बसायला कुरकुर करतो. इन्स्टॉलरने ‘आता प्रिंटर जोडा’ म्हटल्यावरच केबल लावा. ती थेट संगणकाला लावा, यूएसबी हबमधून नको, आणि पाच मीटरपेक्षा लांब नको.

काही जुन्या लेझर प्रिंटरचं एक खास वागणं सांगतो, कारण नवखे इथे हमखास गोंधळतात. एचपीच्या लेझरजेट पी ११०२ सारख्या मॉडेलांत ड्रायव्हर यंत्राच्याच पोटात ठेवलेला असतो. केबल लावली की ‘धिस पीसी’मध्ये प्रिंटरऐवजी एक सीडी ड्राइव्ह उगवते. ती उघडून आतला सेटअप चालवला की ड्रायव्हर बसतो आणि यंत्र प्रिंटर म्हणून दिसू लागतं. पण नव्या विंडोजवर कधी कधी ते सीडीच्याच रूपात अडकून राहतं. माणूस म्हणतो, प्रिंटर दिसतच नाही. तो दिसत असतो, दुसऱ्या नावाने. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्या आणि ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाची ती सोय बंद करा.

त्याच घराण्यातल्या लेझरजेट १०२०ला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, घ्यावं लागतं. वीज जाऊन आली आणि तो मुका झाला, तर ड्रायव्हर काढण्याआधी नुसती केबल काढून पुन्हा लावून पाहा.

अर्धवट बसलेलं आधी समूळ काढा

फसलेल्या इन्स्टॉलेशनवर दुसरं इन्स्टॉलेशन चढवणं हीच सगळ्यात मोठी चूक. या क्रमाने जा:

१. केबल काढा.

२. सेटिंग्ज, ॲप्समध्ये प्रिंटर-कंपनीच्या नावाचं जे जे असेल ते अनइन्स्टॉल करा.

३. सेटिंग्ज, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ (विंडोज १०वर नुसतं ‘डिव्हायसेस’), ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ इथून प्रिंटर रिमूव्ह करा.

४. इथे बहुतेक जण थांबतात आणि ड्रायव्हर आतच राहतो. याच खिडकीतून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जा, तुमचं मॉडेल निवडा, रिमूव्ह म्हणा आणि ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय घ्या. ‘ड्रायव्हर वापरात आहे’ असं म्हणून नकार आला तर संगणक रिस्टार्ट करून लगेच पुन्हा करा.

५. रिस्टार्ट. ‘शट डाउन’ करून परत चालू करणं आणि हे सारखं नाही; विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउनमध्ये जुनी अवस्था काही अंशी तशीच राहते.

६. इन्स्टॉलरच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. झिप फाइल असेल तर आधी पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा, आतल्या आत डबल क्लिक नको.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर कंपनीचा कुठलाच ड्रायव्हर बसत नाही, कितीही वेळा प्रयत्न करा. मुळात ती बंद असते. पण कुणी तरी सुरक्षेच्या नावाखाली चालू केलेली असू शकते. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर खाली बघा.

बसलं, पण छपाई होत नाही

ड्रायव्हर व्यवस्थित आहे, यंत्रही व्यवस्थित आहे, आणि तरी ‘ऑफलाइन’. बहुतेक वेळा कारण पोर्टमध्ये सापडतं.

प्रिंटरची केबल एका यूएसबीतून काढून दुसऱ्यात लावली की विंडोजला कधी कधी तो नवा प्रिंटर वाटतो. यादीत मग दोन नावं दिसतात: एक मूळ, आणि एक त्याच नावापुढे ‘कॉपी १’ लिहिलेलं. मूळ नाव ‘यूएसबी००१’ पोर्टला बांधलेलं असतं, यंत्र आता ‘यूएसबी००२’वर असतं, आणि वर्ड मात्र जुन्याच नावाला काम पाठवत राहतं. प्रिंटर निवडा, ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘पोर्ट्स’ टॅबवर जा. यूएसबीने सुरू होणाऱ्या पोर्टांपैकी शेवटचा क्रमांक निवडून पाहा, अप्लाय म्हणा आणि चाचणी-पान काढा. जमलं की ‘कॉपी १’ काढून टाका. दुकानातल्या कॅननच्या एलबीपी २९००वर हा प्रकार वरचेवर होतो, म्हणून तिथे केबलचं भोक ठरवून टाका आणि बदलू नका.

दुसरं कारण अडकलेली रांग. एखादं काम ‘डिलीटिंग’ असं दाखवत तासभर तसंच बसलं असेल तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधून तो थांबवा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जाऊन आतल्या फाइली काढा; फोल्डर मात्र काढू नका. परत येऊन स्पूलर सुरू करा.

तिसरं अगदी साधं. विंडोजची ‘माझा डीफॉल्ट प्रिंटर तूच ठरव’ अशा अर्थाची एक सोय असते. ती चालू असली की शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. काल पीडीएफ सेव्ह केली असेल तर आज छपाईही पीडीएफमध्येच जाते. ती बंद करा आणि आपला प्रिंटर हाताने डीफॉल्ट करा.

वाय-फायचा प्रिंटर

घरगुती प्रिंटरांपैकी बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर प्रिंटरला नावच दिसत नाही. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर जुनी यंत्रं नकार देतात. ‘डब्ल्यूपीए२’चा पर्याय ठेवा. गेस्ट वाय-फायवर प्रिंटर जोडू नका, कारण तिथे साधनांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. हॉस्टेल-कॉलेजचं लॉगिन पान असलेलं वाय-फाय तर प्रिंटरला चालतच नाही; तिथे केबल किंवा वाय-फाय डायरेक्ट, म्हणजे राउटरशिवाय थेट जोडणी.

जोडल्यावर प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचं पान छापा आणि आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, वाचा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा, राउटर आधी. पत्ता नीट असेल तर तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं म्हणजे रस्ता मोकळा आहे. अडचण फक्त विंडोजच्या नोंदीत आहे. तेव्हा प्रिंटर काढून ‘मॅन्युअली ॲड’मधून आयपी पत्त्याने पुन्हा जोडा, आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा. तरीही छपाई होत असताना ‘ऑफलाइन’ दिसत राहिलं, तर पोर्टच्या कॉन्फिगरेशनमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढा.

ऑफिसमधला शेअर केलेला प्रिंटर

२०२१च्या उन्हाळ्यात विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी सापडली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१मध्ये नियम कडक केले: दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर घ्यायचा तर ॲडमिन हक्क लागतात. ‘११बी’ने संपणारा एररही त्याच वर्षीच्या सुरक्षा अपडेटनंतर दिसू लागला. यूट्यूबवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक शून्य लिहायचा उपाय दाखवतात. त्याने छपाई होते, पण संरक्षणही उतरतं. त्याऐवजी दोन्ही संगणक अपडेट करा. तेवढ्याने नाही भागलं तर दुसऱ्या संगणकावर तोच ड्रायव्हर वेगळा बसवा आणि ‘लोकल पोर्ट’ तयार करून त्यात दोन उलट्या तिरप्या रेघा (\\), पहिल्या संगणकाचं नाव, पुन्हा एक तशीच रेघ आणि शेअर केलेलं नाव लिहा.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी एक जोड. सातबारा किंवा दाखल्याच्या पीडीएफमधली मराठी अक्षरं चौकोन होऊन किंवा काना-मात्रा सुटून छापली जात असतील तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मधलं ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडा. स्क्रीनवर बरोबर दिसतं तसंच छापलं जाईल.

कस्टमर केअरला फोन करताना

आता फोन करायला हरकत नाही, आणि आता तुम्ही तयारीनिशी बोलणार. समोर कागदावर हे लिहून ठेवा: पूर्ण मॉडेल, यंत्राच्या लेबलवरचा सिरियल नंबर, बिलाची तारीख, विंडोजची आवृत्ती, आणि एरर जसा दिसला तसा. एररचा मोबाइलने फोटो काढा. ‘काहीतरी लाल आलं’ यावर कुणी मदत करू शकत नाही. खाली ओळीने लिहा: झेरॉक्स येते का, दुसरी केबल लावून पाहिली का, दुसऱ्या संगणकावर चालतो का.

नंबर फक्त खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या पत्त्यावर स्वतः जाऊन मिळवलेला. सुरुवातीलाच भाषा विचारा, बऱ्याच ठिकाणी हिंदी मिळते, काही ठिकाणी मराठीही. असं बोला:

‘मॅडम, माझ्याकडे अमुक मॉडेल आहे, बिल मार्चचं आहे. संगणकाशिवाय झेरॉक्स नीट येते. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा बसवला, रिस्टार्ट केलं, दोन केबल बदलून पाहिल्या. इन्स्टॉलर “प्रिंटर सापडला नाही” म्हणून थांबतो. दुसऱ्या लॅपटॉपवरही तसंच होतं.’

एवढं ऐकल्यावर समोरच्याला ‘रिस्टार्ट केलं का’पासून सुरुवात करावी लागत नाही. तरी केली तर चिडू नका. त्यांना ठरलेला क्रम पाळावा लागतो, पटापट उत्तरं द्या. फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव, आणि पुढचं पाऊल कुणी कधी उचलायचं. मग त्याच दिवशी तो क्रमांक घालून कंपनीला ईमेल पाठवा. तोंडी आश्वासनाचा पुरावा राहत नाही, ईमेलचा राहतो. दुसऱ्या संगणकावरही प्रिंटर सापडत नसेल तर इंजिनिअर पाठवण्याचा आग्रह धरा. हा दोष सॉफ्टवेअरचा उरलेला नाही.

खरी कंपनीही कधी कधी संगणक दुरून पाहायची परवानगी मागते. ती तुम्ही स्वतः लावलेल्या फोनवरच द्या. आधी बँकेची, यूपीआयची, ईमेलची पानं बंद करा, आणि काम झालं की त्यासाठी बसवलेलं ॲप काढून टाका. खोटे लोक एक ठराविक खेळ खेळतात: विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतात आणि म्हणतात, ‘तुमच्या नेटवर्कमध्ये व्हायरस आहे, म्हणून प्रिंटर बसत नाही.’ तशा खुणा प्रत्येक धडधाकट संगणकावर असतात. मग पैसे मागतात, किंवा ‘दहा रुपयांची नोंदणी’ म्हणून लिंक पाठवतात, ओटीपी विचारतात. तिथल्या तिथे फोन ठेवा आणि इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ‘आधी बँकेला कळवू की १९३०ला’ या विचारात थांबू नका, घरातल्या दोघांनी दोन फोन लावा. जेवढं लवकर, तेवढी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यात अडकलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. लाजेपायी लोक तक्रार करायला उशीर करतात आणि तोवर पैसे पुढे निघून जातात.

कंपनी दाद देत नसेल तर

वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी चालू राहिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक आणि ईमेल हाताशी ठेवा. तेवढ्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. दुकानासाठी घेतलेल्या प्रिंटरचं काय, असं बरेच जण विचारतात. व्यापारासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली बसते. एकट्याने झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याने म्हणूनच आधीच हार मानू नये.

आणि प्रिंटर एकदा चालू लागला की ज्या ड्रायव्हरने काम केलं ती फाइल पेन ड्राइव्हवर मॉडेलच्या नावाने ठेवा. बिलाचा फोटो, सिरियल नंबर आणि आयपी पत्ता त्याच फोल्डरात. बिलाचा थर्मल कागद वर्षभरात पांढरा पडतो, तेव्हा फोटो आजच काढा.